फिनिशिंगबाईंचा डावा हात

चौकातल्या फोटो स्टुडिओच्या पोटमाळ्यावर एक बाई बसते आणि माणसाला दहा वर्षांनी तरुण करते, हे आसपास सगळ्यांना ठाऊक होतं. ती बाई दिसते कशी, हे मात्र फारच थोड्यांना. खाली मालक फोटो काढत. गिऱ्हाईक जाता जाता "तेवढं गालावरचं बघा हं जरा" असं पुटपुटे, आणि मालक जिन्याकडे मान वळवून म्हणत, "काळजी नको, फिनिशिंगबाई करतील." त्यावरून नाव पडलं ते पडलंच. खरं नाव बँकेत आणि नणंदेच्या रागात तेवढं उरलं.

पोटमाळ्यावर उभं राहिलं तर डोकं आपटे, त्यामुळे बाई बसूनच असत. सुरुवातीला निगेटिव्हवर चालवायची बारीक टोकाची पेन्सिल आणि अगदी पातळ ब्रश होता, पुढे संगणक आला आणि त्याचं पेन आलं. हत्यारं बदलली, काम तेच राहिलं. मुरुम, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, हनुवटीखालचं जादा सामान, सगळं त्यांच्या हातून जायचं. चंद्रावरचा डाग कवींनी शेकडो वर्षं गोड मानून घेतला आहे. पौर्णिमेचा फोटो पोटमाळ्यावर आला असता तर तो डाग संध्याकाळपर्यंतही टिकला नसता. हात इतका बसला होता की रेडिओवरच्या बातम्या ऐकता ऐकता त्या एखाद्याचं अख्खं कपाळ साफ करत, आणि काय काय काढलं असं विचारलं तर त्यांना सांगता येत नसे. विणणाऱ्या बाईला टाके कुठे आठवतात?

घरी दोन खोल्या आणि एक नणंद. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता या दोघी वेगळ्या राहतील. तसं वाटावं इतकं त्यांचं रोज वाजत होतं. पण भांडायलाही घरात कुणीतरी लागतं, हे दोघींनी मनातल्या मनात कबूल केलं असावं. नणंद थोरली, बिनलग्नाची, टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून आयुष्य काढलेली. बाई तिला वन्सं म्हणत. वन्संचा आवाज अजूनही असा होता की समोरचा माणूस दुसऱ्या शहरात असल्यासारखं वाटावं.

काखेत गाठ लागली तेव्हा बाईंनी ती धंद्याच्या रिवाजाने घेतली. दिसतेय ना, मग काढून टाकू. कॅन्सरच्या डॉक्टरबाई वयाने बाईंपेक्षा लहान होत्या, पण घाईच्या नव्हत्या.

"काढायचीच आहे," त्या म्हणाल्या. "पण आत्ता नको तिथे चिकटून बसलीये. आधी औषधानं लहान करायची. लहान झाली तर काढता येईल."

"आणि नाही झाली तर?"

"तर मग पुढे काय ते बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. हे वाक्य ऐकून ज्याला बरं वाटलं असा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

मालक भेटायला घरी आले ते एक जुना छोटा कॅमेरा घेऊन. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा घ्या. तिथे तासन्‌तास सलाइन लावून बसवतात म्हणे. छताकडे किती वेळ बघाल?"

"मला कुठे फोटो काढता येतात?"

"इतकी वर्षं आम्ही काढलेले निस्तरलेत. आता स्वतः काढून बघा, म्हणजे आम्हाला शिव्या देणं कमी होईल."

"द्या तिला," आतून वन्संचा आवाज आला. "नाहीतर तिथे बसून लोकांच्या सुरकुत्या मोजेल."

औषधाच्या त्या हॉलमध्ये पाठ मागे टेकता येईल अशा खुर्च्यांची रांग होती आणि प्रत्येक खुर्चीशेजारी एक स्टँड, त्यावर पिशवी. बाईंनी आधी पिशवीतून पडणारा थेंब टिपला, तो दर वेळी पडून गेल्यावरच आला. मग खिडकी, मग समोरच्यांचे बूट आणि चपला. कॅमेरा डोळ्याला लावला की दुसऱ्या हातातल्या सुईकडे लक्ष जात नाही, हा शोध त्यांना लवकरच लागला. पोटात ढवळायला लागलं की त्या एखादी चौकट शोधत आणि ती सरळ आहे की नाही ते बघत. म्हणजे पोटाला जरा थांब म्हणत. आणि नवल असं की पोट थांबायचं. घरी ज्या पोटानं कुणाचं ऐकलं नव्हतं ते खिडकीच्या एका सरळ रेषेपुढे नमतं, याचं बाईंना फार अप्रूप वाटलं. मालकांना त्यांनी फोन करून सांगितलं, "तुमचा कॅमेरा चांगला आहे." मालक म्हणाले, "तो बिघडलेला होता." "असू दे," बाई म्हणाल्या.

शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त बस कंडक्टर असत. औषधाने त्यांच्या डोक्यावरचे, भुवयांचे, सगळे केस उतरवले होते.

"सगळ्यांच्या चपलांचे काढताय," ते एकदा म्हणाले, "मग वरच्या माणसानं काय पाप केलंय?"

"तुमचा काढू?"

"काढा. पण केस?"

"केस मी घालते. पूर्वी होते तेवढे."

"पूर्वीही काही फार नव्हते हो." कंडक्टर विचारात पडले. "घालताच आहात तर दोन मुठी जास्त घाला. आता कोण तपासायला येतंय?"

बाईंनी दोन मुठी जास्त घातले, भुवया परत दिल्या, गालही थोडे भरून काढले. पुढच्या वेळी छापील फोटो हातात पडल्यावर कंडक्टरांनी आपल्या नसलेल्या भुवयांवरून बोट फिरवलं. मग तो फोटो सगळ्या रांगेतून तिकिटासारखा फिरला, आणि बाईंना काम लागलं. कुणाला वेणी हवी होती, कुणाला मिशी. एका आजींना मुलीच्या लग्नात होते तसे गाल हवे होते. मालकांनी संगणक घरी पाठवून दिला. बाईंच्या स्वतःच्या डोक्यावर तेव्हा एकही केस नव्हता.

"गावाला केस वाटत सुटलीस," वन्सं म्हणाल्या, "स्वतःला चार ठेव."

"मला कोण बघतंय?"

"मी बघतेय ना. रोज. फुकट."

सलाइनचे दिवस संपले आणि गोळ्यांचे सुरू झाले. गाठ थोडी लहान झाली होती, पण पुरेशी नाही. डॉक्टरबाईंनी गोळीचं पाकीट पुढे केलं आणि नीट समजावलं. ही गोळी गाठीवर चांगली चालते, पण काहींच्या कातडीला सोसत नाही. चट्टे उठतात. उठले तर चालतील, पसरले तर नाही. पसरत राहिले तर गोळी बंद करावी लागते, आणि हिच्याइतकं खात्रीचं दुसरं काही हाताशी नाही. "म्हणून अर्ध्या गोळीनं सुरुवात करू. रोज सकाळी चट्ट्यांचा फोटो काढून मला फोनवर पाठवा. तुम्ही तर फोटोवाल्याच आहात."

हे शेवटचं वाक्य डॉक्टरबाईंनी विश्वासाने म्हटलं होतं.

चट्टे उठले ते डाव्या हातावर, मनगटापासून कोपराकडे. बाईंनी पहिला फोटो फोनवरच काढला. ट्यूबलाइटखाली तो हिरवट आला, हात बुडून मेलेल्या माणसाचा वाटला, तरी तसाच पाठवला. असला फोटो स्टुडिओत वर आला असता तर त्यांनी तो जिन्यावरूनच परत धाडला असता. दुसऱ्या दिवशी त्यांनी राखाडी अभ्र्याची उशी खिडकीशी ठेवली, तीवर हात ठेवला, मालकांच्या कॅमेऱ्याने फोटो काढला आणि संगणकावर घेतला, फक्त उजेड ठीक करायला. उजेड ठीक केला, फोटो पाठवला. मागे रेडिओवर बातम्या लागलेल्या होत्या.

डॉक्टरबाईंचं उत्तर आलं, "छान. कमी वाटतायत." पुढल्या काही दिवसांत आणखी कमी वाटले. मग फोन आला, "हात फारच सुधारलाय. आता पूर्ण गोळी घ्यायला हरकत नाही." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पूर्ण गोळी म्हणजे गाठीला पूर्ण मार.

वन्सं रोज त्या हाताला मलम लावत. त्यांना हे पटेना.

"मला तर हात होता तसाच दिसतोय. उलट वाढलंय."

"डॉक्टर म्हणतात कमी आहे."

"डॉक्टर फोटो बघते. मी हात बघतेय."

"तुमचा चष्मा जुना झालाय, वन्सं."

वन्संनी मनाला लावून घेतलं आणि खरोखरच जाऊन चष्मा बदलून आणला. नव्या चष्म्यातून चट्टे आणखी ठळक दिसले. बाईंनाही ते दिसत होते, खाजत होते, रात्री अंथरुणाला चिकटत होते. पण डॉक्टर शिकलेली, तिला कमी दिसतायत म्हणजे कमीच असणार, आपलंच मन दुबळं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. आपल्या कातडीपेक्षा दुसऱ्याच्या पदवीवर विश्वास ठेवायला फारसे कष्ट पडत नाहीत.

मग एक दिवस सकाळचा फोटो गेल्यावर लगेचच डॉक्टरबाईंचा फोन आला.

"हा डावाच हात आहे ना?"

"हो."

"मनगटाच्या जरा वर तुम्हाला एक तीळ आहे. मोठा. तपासताना मी पाहिलाय."

"आहे की."

"फोटोत नाहीये."

बाईंनी बाही वर सरकवून मनगट पाहिलं. तीळ जागेवर होता.

"आमच्या औषधानं तीळ जात नाहीत," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "जात असते तर मी हा दवाखाना बंद करून तेवढंच केलं असतं. फोटोला काही करता का तुम्ही?"

"उजेड ठीक करते. फक्त उजेड."

फोन तसाच धरून बाईंनी संगणकावर मूळ फोटो उघडला, शेजारी पाठवलेला. एक हात लाल, फुटलेला, कडांना सोललेला. दुसरा गुळगुळीत, फिक्या गुलाबी छटेचा, एखाद्या साबणाच्या वेष्टनावर शोभेल असा. तीळ नव्हता. मागचे सगळे फोटो उघडले, सगळे तसेच. उजव्या हाताने डाव्या हाताला रोज सकाळी फसवलं होतं, आणि मधे बसलेल्या बाईला त्याचा पत्ता नव्हता.

मागे येऊन उभ्या राहिलेल्या वन्सं नवा चष्मा सावरत वाकल्या. "हे तू केलंस?"

"हातानं केलं."

"आणि हात कुणाचा?"

त्याच दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरबाईंनी हात मनगटापासून खांद्यापर्यंत पाहिला, कारण चट्टे आता खांद्यापर्यंत होते. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन घेतलं आणि चट्ट्यांच्या कडेने हातावर एक रेष काढत नेली.

"गोळी बंद," रेष काढता काढता त्या म्हणाल्या. "लाली या रेषेच्या आत आली तर पुन्हा सुरू करता येईल. बाहेर गेली तर नाही."

"आणि तोवर गाठ?"

"तिनं थांबावं अशी आशा करायची." डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं. "रोज फोटो. आणि ही रेष पुसलीत तर मला कळेल."

बाईंनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाल्या, "तीळ लक्षात ठेवलात म्हणून. नाहीतर मी..."

"तो ठेवावा लागला नाही, मोठा आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

आता फोटो जसा आला तसा पाठवायचा, इतकं सोपं काम बाईंना आयुष्यात कधी इतकं जड गेलं नव्हतं. फोटो पडद्यावर आला की उजवा हात शिवशिवायचा. म्हणून वन्संनी सूत्रं हाती घेतली. संगणकाचं पेन त्यांनी स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केलं, आणि फोटो पाठवण्याचं बटण आपणच दाबणार असं जाहीर केलं. रोज सकाळी खुर्ची ओढून शेजारी बसत, ताठ होत, आणि बटणावर बोट ठेवून जुन्या सवयीने म्हणत, "जोडते." मग मलमाची डबी उघडत.

करायला काहीच नसल्यामुळे बाई बघायला लागल्या. डाग दिसला की तो जायचा, तेव्हा डागाकडे इतका वेळ बघायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. लाल हा एक रंग नसतो, हे त्यांना कळलं. मध्यभागी तो जांभळ्याकडे झुके, कडेला विटकरी होई, आणि जुना झाला की सांडलेला चहा वाळावा तसा तपकिरी. कातडी बरी व्हायला मधून नाही, कडेकडून सुरुवात करते. हे सगळं त्या वन्संना सांगत, आणि वन्सं म्हणत, "माझ्या बोटांना ते आधीच कळलं होतं, मला कुणी विचारलं नाही." भीती गेली असं कुणी समजू नये. काखेत चाचपायला हात जायचा आणि अर्ध्यातून परत यायचा. पण सकाळचा तो थोडा वेळ, उशी, खिडकी, तोच उजेड आणि तेवढंच अंतर, एवढं सांभाळताना भीतीला बसायला जागा मिळत नसे. दिवसाचं बाकी घर तिला मोकळंच होतं.

एका सकाळी बाईंनी मागचे फोटो एकापाठोपाठ एक भराभर पुढे सरकवून पाहिले. सगळे एकाच उजेडात, एकाच चौकटीत काढलेले, त्यामुळे हात जागचा हलला नाही. हलली ती लाली. ती पेनाच्या रेषेपासून आत सरकत होती, ओहोटीच्या पाण्यासारखी हळूहळू, पण सरकत होती. बाईंनी पुन्हा पाहिलं. मग वन्संना हाक मारली.

"वन्सं, हे बघा. मी काही केलेलं नाही."

"पेन माझ्या कपाटात आहे," वन्सं म्हणाल्या. "मला माहीत आहे."

त्यांनीही पाहिलं. पुन्हा बघायला मागितलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत हा पहिलाच डाग होता जो बाईंच्या मदतीशिवाय जात होता, आणि त्यांना तेव्हा जे वाटलं ते कृतज्ञता म्हणावं की नोकरी गेल्याचा आनंद म्हणावं, हे सांगणं अवघड आहे. त्यांनी डाव्या हाताला उजव्या हाताने हलकेच थोपटलं, इतकं मात्र वन्संनी पाहिलं आणि नंतर सगळ्यांना सांगितलं.

डॉक्टरबाईंनी ते फोटो तसेच भराभर पुढे सरकवून पाहिले. अर्धी गोळी पुन्हा सुरू झाली. चट्टे परत आले, पण रेषेपर्यंत आले नाहीत, बिचकून आतच राहिले. अर्धीवरच काम चालवायचं ठरलं. अर्ध्या गोळीने गाठ ऐकते की नाही, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर हातावर दिसणारं नव्हतं.

ते उत्तर यायच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर कंडक्टर भेटले, तपासणीला आलेले. डोक्यावर नवे केस उगवले होते, दात घासायच्या ब्रशासारखे आखूड आणि ताठ.

"कॅमेरा आणलाय का? काढा एक. पण या वेळी काही घालू नका."

"का हो? दोन मुठी आवडल्या होत्या ना?"

"मला आवडल्या होत्या. बायको म्हणते, तो भिंतीवरचा काढा, घरात परका पुरुष उभा असल्यासारखं वाटतं."

बाई हसल्या, काखेतलं सगळं विसरून हसल्या, आणि हसता हसता फोटो काढला, त्यामुळे तो किंचित हलला. तेवढ्यात आतून बाईंना हाक आली, सोबत आलेल्या वन्संही उठल्या. कंडक्टरांनी बाकावरची बाईंची पिशवी मांडीवर घेतली. "जा तुम्ही. जागा धरून ठेवतो."

गाठ लहान झाली होती, आणि नको तिथून सुटली होती. डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा वन्सं खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पुन्हा सांगा, नीट ऐकू आलं नाही." त्यांना अगदी नीट ऐकू आलं होतं.

ऑपरेशन झालं. गाठ गेली. गोळ्याही संपल्या, हात कोरडा पडला. शेवटच्या तपासणीला डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता रोज फोटो नको. आणि एक विचारायचं होतं. तुमच्या हाताचे ते सगळे फोटो मी नव्या पेशंटना दाखवले तर चालेल? गोळीला घाबरतात. किती वाईट होतं आणि मग कसं जातं, हे मी तोंडानं सांगून पटत नाही."

बाईंच्या डोळ्यांसमोर तो लाल, सोललेला हात आला, अनोळखी माणसांपुढे उघडा. "सगळे?" त्यांनी विचारलं. "अगदी वाईट आहेत तेसुद्धा?"

"तेच तर हवेत."

"घ्या," बाई म्हणाल्या. "तुमचेच आहेत. तुम्ही नसता तर मी गुळगुळीत हात घेऊन मेले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने उशी खिडकीशी ठेवली गेली, आणि बाई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. वन्सं नेहमीप्रमाणे खुर्ची ओढून बसल्या. जोडायला काही नव्हतं. जरा वेळाने त्यांनी आपलाच उजवा हात उशीवर ठेवला, पालथा, मलम लावून लावून ज्याची बोटं मऊ पडली होती तो. शिरा वर आलेल्या, ठिपके पडलेले, अंगठ्याजवळ भाजल्याची जुनी खूण.

"काढ," त्या म्हणाल्या. "उजेड चाललाय फुकट."

बाईंनी काढला. त्याच दिवशी मालकांकडून छापून आणला, मोठ्या आकारात. वन्संनी तो चष्म्याच्या वरून पाहिला, मग चष्म्यातून पाहिला, आणि हातभर लांब धरूनही पाहिला.

"हा म्हातारीचा हात आहे."

"हो."

"काहीच काढलं नाहीस?"

"नाही."

"थोडं तरी काढायचंस गं," वन्सं म्हणाल्या, आणि भिंतीवर कुठे लावायचा ते बघायला उठल्या.